विरघळलेलं आम्ल

“आठवत नाही? बाई, तुम्ही खरंच असं म्हणालात?”

देवरुखकर बाई प्रयोगशाळेतल्या नळाखाली चंचुपात्र धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“चौकशी समितीनं विचारलं, हे काम शाल्मलीनं केलं की सबनीस सरांनी? आणि तुम्ही म्हणालात, आठवत नाही!”

“म्हणाले.”

शाल्मलीनं पिशवी टेबलावर आपटली. याच टेबलाशी उभं राहून तिनं दोन वर्षं पाणी आणि अल्कोहोल कमीजास्त प्रमाणात मिसळलं होतं, आणि त्या मिश्रणांत आम्लं किती तीव्र राहतात ते मोजलं होतं. विभागप्रमुख सबनीस सरांनी तो शोधनिबंध स्वतःच्या नावानं छापला. तिला काम करताना रोज पाहणारं माणूस एकच होतं. बाई. आणि उद्या समिती शेवटची बसणार होती.

“सरांच्या घरच्या गणपतीला मोदक तुम्ही वळता. त्यांच्या शिळ्या विनोदांना तुम्ही हसता. तीस वर्षांत त्यांच्यात इतक्या मिसळून गेलात, की...”

“की?”

“की आता तुम्ही दिसतच नाही.”

बाईंनी चंचुपात्र कोरडं केलं. त्यात थोडं अल्कोहोल घेतलं. कपाटातून बेंझोइक आम्लाची बाटली काढून चमचाभर पांढरी भुकटी टाकली, ढवळली. भुकटी नाहीशी झाली. मग आम्लात लाल होणाऱ्या मिथिल ऑरेंजचे दोन थेंब.

द्रावण पिवळं राहिलं.

“आम्ल कुठाय?” बाईंनी विचारलं.

“विरघळलंय.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग लाल का नाही झालं?”

शाल्मली हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

“मला विचारता? अहो, हे माझंच काम आहे! पाण्यात हे आम्ल जेमतेम विरघळतं, पण विरघळलं की प्रोटॉन सोडतं. अल्कोहोल वाढवत न्या, विरघळतं छान, आणि प्रोटॉन मात्र मुठीत आवळून बसतं. आम्ल तेच. फक्त तोंड उघडत नाही.”

“मग त्यात आम्लाचा काय दोष?”

“वा!” शाल्मलीचा आवाज चढला. “म्हणजे दोष अल्कोहोलचा. सरांचा, विभागाचा, जगाचा. तुमचा सोडून सगळ्यांचा! बाई, या भुकटीला कुणी विचारत नाही, कशात पडतेस म्हणून. तुम्हाला पाय आहेत. दार उघडं होतं. तीस वर्षं!”

बाईंनी भुकटीच्या बाटलीला झाकण लावलं.

“बोला ना! पहिल्याच तासाला दटावलं होतंत आम्हाला, डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं. मी तेच लिहिलं. माझे आकडे पहिल्यांदा जुळले त्या दुपारी तुम्ही या स्टुलावर बसला होतात. हातात शेंगदाण्यांची पुडी होती तुमच्या!”

“चणे होते,” बाई म्हणाल्या.

शाल्मली त्यांच्याकडे बघत राहिली.

“आठवतं तर.”

बाईंनी नजर खाली वळवली.

शाल्मलीनं ऊर्ध्वपातित पाण्याची मोठी बाटली उचलली, बूच काढून फेकलं आणि चंचुपात्रात भडाभडा पाणी ओतलं. नितळ द्रावण दुधासारखं झालं. मग त्यातून पांढरे कण सुटू लागले, एकमेकांना धरून त्यांचे पापुद्रे झाले. पिवळा रंग नारिंगी झाला, नारिंगीचा लाल. पाणी काठाला आलं तेव्हा ती थांबली.

मघा नाहीसं झालेलं आम्ल आता लाल पाण्यात पांढरंशुभ्र दिसत होतं.

राग तसाच होता, पण शाल्मलीचा हात सवयीनं नरसाळ्याकडे गेला. या प्रयोगशाळेत बाईंनीच लावलेली शिस्त होती ती. असं काही वर आलं की गाळायचं, वाळवायचं, बाटलीत परत भरायचं, टेबल पुसायचं. काही घडलंच नाही असं वाटलं पाहिजे.

तिनं गाळणकागदाची घडी घातली.

बाईंनी तिचं मनगट धरलं.

“गाळू नकोस. दिसू दे.”

“का?”

बाईंनी दुसऱ्या हातानं गाळणकागद काढून घेतला.

“समिती किती वाजता बसते?”

“अकराला.” शाल्मलीनं मनगट सोडवून घेतलं. “आणि तिथं जर पुन्हा...”

बाईंनी काठोकाठ भरलेलं चंचुपात्र तिच्यापुढं सरकवलं.

“आणखी ओत.”