एका तारेची ठकू

काजळघाटात डांबर नव्हतं, नदीवर पूल नव्हता, देशावरचं धान्य आणि कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर बसून एकमेकांच्या घरी जायचं, त्या काळातली ही बाई. किती वर्षं झाली ते मला विचारू नका. वर्षं मोजणारे आले आणि गेले. ठकू राहिली.

आधी घाट ऐका. पावसाळा लागला की या घाटात धुकं उतरतं. कसं उतरतं, तर आपला हात पुढे केला की तो आपला राहत नाही. वाट अरुंद, एका अंगाला कडा, आणि पायथ्याशी नदीचा काळा डोह. डोहाच्या शेजारून दगडांचा एक उतार, म्हणजे उथळ पाण्याचा भाग आहे, नदी पार व्हायला तेवढाच. तो सापडला तर माणूस घरी, नाही सापडला तर डोहात. दर पावसाळ्यात धुकं कोणाला तरी ठेवून घ्यायचं. लोक म्हणायचे, चकवा लागला. चकवा म्हणजे माणसाला गोल फिरवून पुन्हा त्याच जागी आणणारं भूत. मला विचाराल तर भूतबित काही नाही. थकवा. थकलेल्या माणसाला त्याची स्वतःची पावलंसुद्धा फसवतात.

घाटाच्या माथ्यावर उंबरमाथा नावाचं गाव. तिथे एका तांड्याने आपला आजारी म्हातारा टाकला आणि तांडा पुढे गेला. म्हातारा उत्तरेकडून कुठून तरी आलेला. अंगावर धड कपडा नव्हता, पण काखेत लाकडाची एक चपटी पेटी होती. तिच्यावर पितळेच्या तारा ताणलेल्या आणि त्या दोन हलक्या काड्यांनी वाजवायच्या. शहरात आता असल्या वाद्याला संतूर म्हणतात आणि रेशमी कुडता घालून वाजवतात. आमच्या लोकांना ती विणलेल्या बाजेसारखी, म्हणजे खाटेसारखी दिसली, म्हणून नाव पडलं बाज. गावातल्या राही नावाच्या विधवेने म्हाताऱ्याला पेज पाजली. पेजेच्या बदल्यात त्याने तिला बाज शिकवली आणि मग तो गेला. जाताना त्याने सगळ्या तारा वाजवल्या आणि धुकं बाजूला सरून उभं राहिलं, असं म्हणतात.

धुकं बाजूला सरलं असेल नसेल, पण राहीच्या डोक्यात उजेड पडला. धुकं दाटलं की ती माथ्यावर बसून वाजवू लागली. तांडे आवाजाच्या रोखाने चढू लागले. पण नुसत्या वरच्या आवाजाने काम होईना. माणसं वाट सोडून सरळ आवाजाकडे निघायची आणि कड्यावर जायची. म्हणून तिने सुताराकडून आणखी दोन बाजा करून घेतल्या. एक दिली अर्ध्या वाटेवर राहणाऱ्या पारूला. दुसरी पायथ्याला, डोहाशेजारून लोकांना पार नेणाऱ्यांच्या घरी, तिथल्या सगुणा म्हातारीला.

शिकवलं सगळ्यांना सारखंच. आलं मात्र सारखं नाही. पारूला पाच तारा जमल्या, सहावीपाशी तिचा हात अडखळायचा. सगुणेला एकच जमली. टण, टण, टण. राहीला लाज वाटली. ती तांड्याच्या नाईकाला म्हणाली, "थांब जरा. यांना आणखी घासते, मग बघ."

नाईक म्हणाला, "नको बाई. हाय तेच बरं हाय. एक तार ऐकली की कळतं, म्होरं पाणी हाय, थांबा. पाच ऐकल्या की अर्धी वाट झाली. भरली बाज, समद्या तारा ऐकल्या की माथा आला, दोर सोडा."

घाटात बैल एकामागे एक दोराने बांधून चालवतात. माथ्यावर मोकळं रान लागलं की दोर सोडायचा, बैल चरायला मोकळे. म्हणजे कच्चं वाजवणं, मधलं वाजवणं आणि पक्कं वाजवणं, हेच घाटाचे टप्पे झाले. जी जिथे अडली तिथेच ती कामाची ठरली.

आता ठकू.

ठकू उंबरमाथ्याची, धनगराची लेक. मेंढरांमागे फिरताना राहीच्या ओसरीवर येऊन बसायची. राहीची शिकवण कडक. पहिला पावसाळा काड्या घोंगडीवर मारायच्या, आवाज काढायचाच नाही. काडी धरायची ती तव्यावरची भाकरी उलटताना बोटं लागतात तेवढीच. मग एक तार. ती सारखी वाजली की पाच. पाचांत मन रमलं की भरली बाज. पोरी पहिल्या घोंगडीलाच कंटाळून पळायच्या. ठकू पळाली नाही. असं म्हणतात की तिने भरली बाज वाजवली तेव्हा मेंढरं चरायची थांबली आणि लांडगासुद्धा त्यांच्याशेजारी येऊन बसला. लांडग्याचं मला माहीत नाही. पण राही उठून आत गेली आणि तिने आपल्या काड्या आणून ठकूच्या पुढ्यात ठेवल्या, हे खरं. राहीमागे माथ्यावर बसणार ती ठकूच, हे सगळ्या गावाने धरलं होतं.

आणि बापाने तिला पायथ्याला दिली. सगुणा म्हातारीच्या मुलाला, म्हादूला. पोरगी कुठे द्यायची हे ठरवताना तिची बोटं कोण बघतं.

निघताना राही म्हणाली, "सासूचे हात गेलेत. आता तिथं तूच बसणार. पण एकच तार हं, ठकू. पायथ्याची खूण तीच हाय. जास्त वाजवलंस तर माणसं मरतील."

ठकू म्हणाली, "मावशे, मग मला एवढं शिकवलंस कशापायी?"

"मला काय ठावं, तुझा बाप तुला खाली देईल."

ठकू घाट उतरली.

पायथ्याला ठकू एक तार वाजवू लागली. सकाळी भात, नदीवरून पाणी, शेण, धुणं, आणि धुकं आलं की टण, टण, टण. धुकं दिवसदिवस हटायचं नाही, तेव्हा तीही हटायची नाही. मांडीवर पोर, हातात काडी. सगुणा दारात बसून हसायची. "एवढी शिकलेली सून केली, आन वाजवती माझ्यावानीच."

ठकू म्हणायची, "आत्याबाई, तुमच्यापेक्षा वाईट. तुम्हांला दुसरी येत नव्हती. मला येतीया."

तिने एकदा म्हादूला विचारलं, उन्हाळ्यात तरी भरली वाजवू का, तेव्हा कुठे धुकं असतं. त्याने तांडेवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, उन्हाळ्यातही नको. कानाला सवय लागते. मग तिने उन्हाळ्यातही वाजवली नाही. तिच्या बोटांत सगळं होतं आणि बाहेर यायला दार एकच. असली दमणूक झोपून जात नाही, बायांनो. काम करून माणूस दमतो तो वेगळा आणि काम करू न दिल्याने दमतो तो वेगळा. हे मला कोणी शिकवलेलं नाही.

मग एका पावसाळ्यात, भर दुपारी, धुकं असं दाटलं की नदीचा आवाजही दबला. तांडा यायची वेळ टळून गेली होती. वरून घंटा नाही, हाक नाही. ठकूला वाटलं, आज कोणी येत नाही. तिने पेटीच्या कडेला गुंडाळून ठेवलेल्या तारा सोडल्या, खुंट्यांना ताणल्या, कानाने जुळवल्या आणि भरली बाज वाजवली.

ते वाजवणं कसं होतं, हे सांगायला कोणी उरलं नाही असं म्हणतात. खोटं आहे. उरले होते. ऐकणारा सगळा तांडा वाटेवर होता.

तांडा वरून धान्य घेऊन उतरत होता. उशीर झालेला, माणसं पेंगत चाललेली. पुढ्यात भरली बाज वाजली आणि नाईक थांबला. म्हणाला, "चकवा लागला रं. फिरून पुन्हा माथ्यावर आलो." कोणी म्हणालं, उतार तर पायाला लागतोय. नाईक म्हणाला, "पायाचं ऐकू नका, बाजेचं ऐका." त्यांनी दोर सोडला. बैल मोकळे झाले आणि चारा हुंगत पांगले, आणि पुढे मोकळं रान नव्हतं, डोह होता. तीन बैल गेले. त्यांना वळवायला धावलेली तांड्यातली एक बाई गेली. तिचं नाव कोणाला ठाऊक नाही. ठकूची गोष्ट सांगणारे बैल किती गेले ते सांगतात, पण त्या बाईचं नाव विचारून ठेवावं असं एकालाही वाटलं नाही. मला याची चीड येते.

नाईक भिजलेला तसाच ठकूच्या अंगणात आला. तो ओरडला नाही. म्हणाला, "लई गोड वाजवलंस, बाई. आम्हांला वाटलं, माथा आला."

एवढं बोलून तो गेला. शिव्या दिल्या असत्या तर ठकू सुटली असती.

तिने एक ठेवून बाकीच्या सगळ्या तारा तोडल्या आणि डोहात टाकल्या. म्हादू म्हणाला, "अगं, तारा कशाला टाकतीस, गुंडाळून ठेव." ती म्हणाली, "गुंडाळून ठेवल्या होत्याच की."

पुढच्या गोष्टी लोकांनी वाढवल्यात, मीही थोड्या वाढवते. ठकूची एक तार अशी वाजायची की एक टोला दुसऱ्याहून जोरात नाही, एक दुसऱ्याहून हळू नाही. तारेवर धुक्याचे थेंब ओळीने बसायचे आणि काडी पडली तरी सांडायचे नाहीत. वाघ पाण्यावर यायचा तोसुद्धा त्या आवाजाच्या बाजूने उतरून दगडांवरूनच पार जायचा. ती बसल्या बसल्या झोपायची आणि झोपेत हात चालूच राहायचा. असं म्हणतात. झोपेतला हात मात्र मला पटतो. जिने पोरं वाढवली आहेत तिलाही पटेल.

त्यानंतर डोहाने कोणाला घेतलं नाही.

मग राही वारली. उंबरमाथ्याची माणसं खाली आली, सोबत डोली घेऊन. आता ठकूचेही केस पिकलेले. पाटील म्हणाला, "ठकूबाई, चला. माथा रिकामा पडलाय. भरली बाज तुमच्याबिगर कोणाला येत न्हाई. हितं एक तार काय, कोणीबी वाजवंल."

असं म्हणतात की ठकू डोलीकडे बराच वेळ बघत राहिली. आयुष्यभर जे मागितलं ते अंगणात येऊन उभं होतं. तिच्या सुनेने तिचं लुगडंसुद्धा बांधायला घेतलं.

ठकू म्हणाली, "माथ्यावर चुकलं तर काय व्हतं, पाटील?"

पाटील म्हणाला, "काय व्हायचंय, मोकळं रान हाय. लोक हसतील."

"आन हितं चुकलं तर?"

पाटलाने डोहाकडे बघितलं.

"मग शिकणारीला वर बसवा," ठकू म्हणाली. "चुकायला जागा तिथं हाय. हितं जिला सगळं येतं तीच पायजे. जिला एकच येती, ती कधीतरी दुसरी वाजवून बघंल. मी बघून झालीया."

डोली रिकामी परत गेली. तिच्यामागून दुसऱ्या दिवशी माथ्यावरच्या दोन पोरी खाली आल्या, शिकायला. आता शिकवायचं कसं, पायथ्याला तर भरली बाज वाजवायची नाही. ठकूने घोंगडी पसरली. तिच्यावर खडूने तारा आखल्या आणि सगळ्या चाली घोंगडीवर शिकवल्या, आवाजाविना. पोरींनी हातांनी पाठ केल्या. मग त्या चढून वर गेल्या, राहीच्या बाजेवर बसल्या, आणि आपण काय शिकलो ते त्यांनी तिथे पहिल्यांदा ऐकलं. त्या दोघी रडल्या, असं म्हणतात. चुकल्याही पुष्कळ, आणि लोक हसले, आणि कोणी मेलं नाही.

पायथ्याला ते ऐकू यायचं का? काही जण म्हणतात, यायचं. म्हणू देत. एवढ्या लांबून कसं येईल.

एका वर्षी पावसाळा सरला, शेवटचा तांडा पार झाला, ऊन पडलं. ठकूने काडी खाली ठेवली आणि सुनेला म्हणाली, "आता मला झोपू दे. उठवू नको." ती नदीकाठच्या कातळावर आडवी झाली. नदी तिच्याजवळून जाताना आवाज न करता गेली, पाखरं पलीकडच्या काठावर जाऊन बसली. सुनेने उठवलं नाही. उठवायची गरजही राहिली नव्हती.

आता रस्ता घाटाच्या दुसऱ्या अंगाने गेला आहे. जुन्या वाटेने गुराखी जातात, लाकडं आणणाऱ्या बाया जातात, पाठीवर पिशव्या बांधून डोंगर चढायला येणारी शहरातली पोरं जातात. धुकं अजून तसंच उतरतं आणि तिन्ही बाजा अजून वाजतात. नवशिके माथ्यावर बसतात, मनासारखं वाजवतात, चुकतात. आणि सगळ्या घाटात जिचा हात सर्वांत पक्का, ती पावसाळाभर पायथ्याला बसते, एका तारेवर. तिला त्या वर्षापुरतं ठकू म्हणतात. कोणी हौसेने बसत नाही. हात पक्का झाला, पाळी आली, की बसतात.

पावसाळा सरला, ऊन पडलं, की उंबरमाथ्याची माणसं डोली घेऊन खाली येतात आणि त्या वर्षीच्या ठकूला वर नेतात. हार नाही, गुलाल नाही, भाषण तर नाहीच. एकदा कोणा पाहुण्याने भाषण सुरू केलं होतं, त्याला बायांनी हाताला धरून खाली बसवलं. तिला ऊन ऊन पेज देतात, पाय धुतात आणि स्वच्छ अंथरुणावर निजवतात. त्या दिवशी गावात बाज वाजत नाही. उखळात मुसळ पडत नाही. बैलांच्या घंटांत गवत कोंबतात, रडणारं पोर रानात फिरायला नेतात, आणि खालच्या रस्त्याच्या वळणावर एक माणूस उभा राहून गाड्यांना हाताने खूण करतो, हॉर्न नको. तिला वाजवून दाखव असं कोणी म्हणत नाही. ती कधी उठणार, असंही कोणी विचारत नाही.