पामराचा काढा

एकदा एका वृद्ध वैद्यबुवांकडे यज्ञेश्वर नावाचा शिष्य होता. बारा वर्षं शिकलेला, हाताला गुण. पण जिभेला एक खोड! रोगी समोर बसला, की हा म्हणणार, "मला पामराला काय कळतंय म्हणा, पण हा काढा घेऊन बघा." रोगी काढा घेत आणि कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला घालत. तो कडुनिंब मात्र चांगला फोफावला होता.

एके दिवशी गुळाचे व्यापारी असलेले एक शेटजी लंगडत आले. पायाची जखम दोन महिने भरत नव्हती. यज्ञेश्वरानं निदान अचूक केलं: मधुमेह. गूळ सुटला नाही, तर पाय गमवावा लागेल. पण सांगताना सुरुवात तीच!

शेटजी म्हणाले, "तुलाच कळत नाही, तर मी गूळ कशाला सोडू? बुवांना बोलाव."

यज्ञेश्वर रडकुंडीला येऊन आत गेला. "गुरुजी, लोक माझं ऐकतच नाहीत हो!"

बुवा बाहेर आले. त्यांनी नाडी पाहिली, जखम पाहिली आणि हात जोडले. "शेटजी, मला पामराला काय कळतंय म्हणा! गूळ सोडून बघा. नाही जमलं, तर राहू द्या."

"अरेच्चा! इथे सगळेच पामर!" शेटजींनी काठी उचलली आणि चालू लागले.

यज्ञेश्वर धावला आणि दारात आडवा उभा राहिला. "शेटजी, मागे फिरा! गुरुजींचं निदान चुकायचं नाही. आजपासून गुळाचा खडा तोंडात घालायचा नाही, आणि लेप रोज मी लावणार. बसा!"

शेटजी मुकाट्यानं बसले.

यज्ञेश्वर बुवांवर उखडला. "गुरुजी, हे काय बोललात? माणसाचा पाय गेला असता!"

"निदान कुणाचं होतं रे?"

"माझं."

"पण ते माझं, गुरूचं, समजून बोललास, तेव्हा आवाज खणखणीत निघाला. आणि लोक ऐकत नाहीत म्हणतोस? ऐकतात की! तू स्वतःविषयी आधी जे सांगतोस, ते अक्षरशः खरं मानतात. पुढचं औषध मग कोण घेईल? याला नम्रता म्हणत नाहीत, बाबा. येत नाही ते कबूल करावं. येतं तेही नाकारलंस, तर भोगतो तो रोगी."

यज्ञेश्वराला फार लाज वाटली. त्यानं कोमट पाणी आणलं, खाली बसला आणि शेटजींचा पाय मांडीवर घेतला.

"दुखेल का रे?" शेटजींनी घाबरत विचारलं.

"दुखेल," यज्ञेश्वर म्हणाला. "पण पाय वाचेल."