राजगवयाचा अंगठा

एका राज्यात, बरं का मंडळी, नुकसानभरपाई हळहळीवर ठरे. कुणाला इजा झाली की त्याने दरबारात दुःख सांगावे. सभा एकदा ‘अरेरे’ म्हणाली की इजा करणाऱ्याची एक वस्तू त्याला मिळे.

तिथे धुरपा नावाची चेटकीण राही. तिचा उडता पाट एकदा उतरताना घसरला आणि थेट राजगवई कंठीरामबुवांच्या पायाच्या अंगठ्यावर आदळला. चूक धुरपेचीच, तिने ती कबूलही केली. पण बुवा वस्ताद! त्यांनी आधी दरबाऱ्यांना श्रीखंड-पुरीचे जेवण घातले आणि मग आपली वेदना आळवून आळवून गायली.

“अरेरे!” घर गेले. “अरेरे!” गाय गेली. “अरेरे!” धुरपेची बोलकी साळुंकी चिमाही गेली.

धुरपेने हात जोडले. “महाराज, घर जाऊ दे, गाय जाऊ दे. चिमाला मी पिल्लू असल्यापासून भरवलंय हो. तिच्यावाचून मी जगायची नाही.”

राजा म्हणाला, “बाई, सभेचा निकाल मीही उगाच मोडत नाही. दारातला दगडी सिंह दचकला, तरच भरपाई अवाच्या सवा ठरते.”

हा सिंह पूर्वी न्यायाधीश होता. त्याला कशाचेच काही वाटेना, म्हणून एका साधूने त्याचा दगड केला होता.

“माझं घर गेलं,” धुरपा त्याला म्हणाली. सिंह ढिम्म. “गाय गेली.” सिंहाने जांभई दिली. तिसऱ्यांदा तिला बोलवेचना. तेव्हा चिमाच उडून त्याच्या नाकावर बसली.

“काय हो, अंगठ्याला घर, गाय आणि मी. मग उद्या कुणाचा पाय मोडला तर काय द्याल? महाराजांना?”

राजाने मुकुट घट्ट धरला. सिंह असा दचकला की चबुतऱ्यावरून खाली पडला, आणि उठला तो पांढऱ्या दाढीचा न्यायाधीश होऊन!

“बुवा, अंगठा दाखवा,” तो म्हणाला.

सभा चपापली. एवढ्या हळहळीत अंगठा कुणी पाहिलाच नव्हता. बोट सुजले होते, नख काळेनिळे पडले होते.

न्यायाधीश म्हणाला, “बरे वाटेपर्यंत धुरपेने लेप लावावा, वैद्याचा खर्च सोसावा. घर, गाय, साळुंकी तिचीच. बुवा, मान्य? नसेल तर पुन्हा सुनावणी, पण उपाशी सभेपुढे.”

“मान्य, मान्य!”

चिमा खांद्यावर आली तशी धुरपेने डोळे पुसले आणि हळद घेऊन बुवांच्या पायाशी बसली. “अगं बाई, बरंच लागलंय की! फार दुखतंय का हो?”

“इतके दिवस झाले, पण हे कुणी विचारलंच नव्हतं,” बुवा म्हणाले, आणि सूर न लावता रडू लागले.