अळवाचे पान

विषय : तळ्याकडे जमा असलेले कुमारी दुर्वा हिचे शेवटचे चित्र तिच्या आईस मिळणेबाबत.

त्या राज्यात विद्यार्थ्यांना रंग फुकट मिळत. दाणे मिळत नसत, पण तो विभाग वेगळा होता.

पिसे गळण्याची साथ आली आणि शाळेचा वड बंद झाला, तेव्हा पिल्लांच्या कलागुणांचे काय होणार याची राज्याला काळजी वाटली. घरोघर अळवाचे एकेक पान पोचवण्यात आले. पानावर तळ्यातल्या पाण्याचा एक थेंब होता. त्यात चोच फिरवली की हवा तो रंग उमटे, चुकले तर पंखाच्या एका फटक्यात पुसले जाई, आणि चित्र जसजसे होई तसतसे आपोआप तळ्यात जाऊन सुखरूप राही. तळ्याची व्यवस्था बगळ्याकडे होती. तो एका पायावर उभा राहून काम करी. दुसरा पाय कशासाठी राखून ठेवला आहे, हे कोणी विचारले नाही.

बाभळीवरच्या लव्हाळी सुगरणीला दुर्वा ही एकच लेक. नवरा रीतीप्रमाणे दुसऱ्या झाडावर दुसरा संसार विणायला गेला होता. सुगरणींची आणखी एक रीत होती : घरट्याच्या आतून ओल्या मातीचे गोळे थापायचे. का, ते कोणी सांगत नसे. आजी थापायची म्हणून आई थापायची. दुर्वा त्याच मातीवर नखाने चित्रे कोरी आणि घरभर चिखल करी.

"अगं भवाने, कालच नवी माती थापली होती ना!"

"म्हणून तर आज कोरी भिंत मिळाली."

पान आले आणि हा त्रास संपला. शेजारच्या ढोलीतली साळुंकी सहज डोकावून गेली. "वहिनी, फुकट म्हणजे अगदी फुकट आहे हो. आता कशाला हवा तो चिखल? आमच्याकडे येऊन बघा, कसं लख्ख आहे!"

लव्हाळीला आपल्या घराची लाज वाटली. तिने सगळी माती खरवडून खाली टाकली, चित्रांसकट. दुर्वाने एकदा वाकून खाली पाहिले आणि पुन्हा थेंबात चोच घातली. घर हलके झाले, जराशा वाऱ्यानेही झोके घेऊ लागले. दोघींना मोठी गंमत वाटली.

वैशाखातली वावटळ आली तेव्हा लव्हाळी दाणे आणायला गेली होती. बाभळीवरची मातीने जड झालेली घरटी नुसती डुलली. तिचे तेवढे उडाले, दुर्वासकट. माती कशासाठी असते, हे तिला परत आल्यावर कळले.

त्याआधी दोन दिवस दुर्वा आईचे चित्र काढत होती. "पुरं झाल्याशिवाय बघायचं नाही हं," असे बजावून. ते आता तळ्यात होते. लव्हाळी बगळ्याकडे गेली.

"चित्र आहे," बगळा म्हणाला. "सुखरूप आहे."

"मग द्या ना, भाऊ."

"विद्यार्थ्यानं स्वतः हाक मारली की वर येतं. सोय विद्यार्थ्यांसाठी आहे, बाई. पालकांसाठी नाही."

"ती कशी हाक मारणार हो आता?"

बगळ्याने या अडचणीचा मनापासून विचार केला. "तिचं नाव पटावरून कमी करू. मग चित्र बेवारस धरता येईल."

"म्हणजे मला मिळेल?"

"नाही. तळ्याला."

"राहू दे," लव्हाळी घाईने म्हणाली. "नाव राहू दे."

"मग अर्ज करा," बगळा म्हणाला. तो या कामी मदत करणारा पक्षी होता. अर्जाचा मजकूरही त्यानेच सांगितला.

साथ ओसरली. वडाची शाळा पुन्हा भरू लागली, पण पाने काही कोणी परत केली नाहीत. साळुंकीला नवे पिल्लू झाले. एक दिवस तिने लव्हाळीला कौतुकाने बोलावले. "वहिनी, या की! आता पिल्लांना काही करावंच लागत नाही. आमचा बाळ नुसत्या दोन रेघा ओढतो, बाकीचं थेंबच पुरं करतो. हेसुद्धा फुकट!"

पिल्लाने दोन रेघा ओढल्या. थेंब जरा थरथरला आणि रेघांना रेघा जोडू लागला. प्रत्येक रेघ शेवटाला झटकन वर उचललेली, ओल्या मातीतून नख सोडवताना उचलली जाते तशी. पाण्यात ना नख अडकते ना चोच; ही सवय मातीतली. तशा रेघा त्या झाडावर एकीच्याच असत. हळूहळू एक सुगरण दिसू लागली. तिची चोच रागावताना उघडावी तशी उघडी होती, आणि डोळे मात्र हसत होते.

"हे कोणी काढलं?" लव्हाळीने विचारले.

"कोणी कशाला काढेल? तळ्यानं काढलं," साळुंकी म्हणाली.

"मला ही म्हातारी नको. मला आंबा हवा," पिल्लू म्हणाले, आणि त्याने पंखाचा एक फटका मारला.

लव्हाळी तिथून थेट तळ्यावर गेली. बगळा एका पायावर उभा होता. अर्ज मिळाला आहे, असे त्याने सांगितले. अर्ज विचाराधीन आहे.