एलोजीच्या बैलाचा शनिवार

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी, आंबेखारच्या खाडीत शिडाची गलबतं यायची तेव्हा, गावात एलोजी नावाचा तेली राहायचा. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. त्याचे पूर्वज समुद्रावरून आले, गलबत खडकावर फुटलं, थोडी माणसं किनाऱ्याला लागली आणि धर्माचं पुस्तक बुडालं, असं म्हणतात. मग राहिलं काय? आठवलं तेवढं. देव एकच आहे, खवले नसलेला मासा खायचा नाही आणि शनिवारी काम करायचं नाही. बाकीचं सगळं समुद्राने ठेवून घेतलं.

शुक्रवारी सूर्य टेकला की एलोजी घाणा थांबवायचा, तो थेट शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. चूलसुद्धा पेटायची नाही. गावाला याचं भारी कुतूहल.

"का रं एलोजी, शनवारीच का?"

"देवाचा हुकूम हाय."

"कुठं लिवलाय?"

"पाण्यात," एलोजी हसून म्हणायचा आणि आपल्या चांद्या बैलाला वैरण टाकायचा.

आता ऐका, गंमत कशी झाली. एका साली खोतांच्या मुलीचं लग्न निघालं. पाहुणे गोळा झाले आणि ऐन शनिवारी सकाळी तेल संपलं. खोत स्वतः तेल्याच्या दारात आले.

"आज घाणा चालव."

"आज नाय मालक. मी हात लावनार नाय."

खोत मोठे हुशार. म्हणाले, "तू नको लावूस. माझा गडी हाकेल, तीळही माझेच. तू ओटीवर बस. फक्त बैल दे."

एलोजी चक्रावला. हे त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं! माणसाने काम करायचं नाही, हे खरं. पण बैलाचं काय? त्याने घरात जाऊन म्हाताऱ्या आईला, लाडूबाईला विचारलं.

"आये, हुकमात बैलाचं काय हाय?"

लाडूबाईने खूप डोकं खाजवलं. "तुझ्या आज्यानं तसं काय सांगितल्यालं आठवत नाय बाबा."

आठवत नाही म्हणजे नसेलच, असं समजून एलोजीने दावं सोडून गड्याच्या हातात दिलं. चुकला तो इथेच.

चांद्याच्या डोळ्यांवर झापड बांधली, घाणा करकरू लागला. एलोजी ओटीवर बसला, पण त्याला काही केल्या चैन पडेना. समोर चांद्या गोल गोल फिरत होता. दर शनिवारी तो याच वेळी अंगणात पाय पोटाशी घेऊन बसायचा. घाण्यात तीळ चिरडले जात होते आणि तेलाचा एक थेंब गळत नव्हता, असं म्हणतात. शेवटी एलोजी उठला, घाणा अडवला आणि बैल सोडला.

"हे कुठल्या हुकमानं रे?" खोत कडाडले.

"हुकूम मला ठावं नाय मालक. पन मी बसायचं आन् त्यानं राबायचं, तर हा विसावा देवाचा कसा?"

"मग घाणा इथेच ठेव आणि आत्ताच्या आत्ता गाव सोड!"

"उद्या जातो," एलोजी म्हणाला. "आज बोचकं बांधनं बी कामच."

बापजाद्यांचं घर, घाणा, सगळं जाणार होतं. आत लाडूबाई रडत होती. एलोजी घाबरला होता, पण पुन्हा ओटीवर जाऊन बसला.

खोतांनी आपल्या गोठ्यातला बैल आणवला. तो घाण्यापाशी आला, गुडघे मुडपले आणि खाली बसला. दुसरा आणला, तोही बसला. मग म्हणे गावातला जो बैल जिथे होता तिथे बसला, कुणी शेतात, कुणी वाटेत गाडीसकट. मारून उठेनात, गोंजारून उठेनात. आभाळात चांदण्या दिसल्या तसे सगळे आपोआप उठले. खोत घरी गेले. गाव सोडायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

पुढे कैक वर्षांनी, एलोजी पार थकला तेव्हा, दूरदेशाहून एक गुरुजी आले. त्यांच्यापाशी ते पुस्तक होतं! सगळे बेने इस्राएल जमले. गुरुजी वाचायचे आणि मोडक्यातोडक्या मराठीत अर्थ सांगायचे. शनिवारचा हुकूम आला. "त्या दिवशी काम करू नकोस. तू नाही, तुझा मुलगा नाही, तुझी मुलगी नाही, तुझा चाकर नाही, तुझा बैल..."

एलोजी ताडकन उभा राहिला. चांद्या मरून किती वर्षं झाली होती, तरी भर सभेत म्हातारा ओरडला, "चांद्या, तू हायस रं त्यात! तू पैल्यापासनं हायस!" आणि लहान मुलासारखा रडला.

आता बेने इस्राएलांची घरं इस्राएलला गेली. त्यांच्या प्रार्थनाघराला कुलूप असतं. पण आंबेखारात आजही आगरी असो, कोळी असो की मुसलमान, शनिवारी कुणी बैल जुंपत नाही. शुक्रवारी ऊन उतरलं की जू खाली ठेवतात, बैलाच्या पाठीवरून हात फिरवतात आणि "एलोजीचा वार" म्हणतात. शनिवारी एखादी गाडी ओढायची अडलीच, तर माणसं स्वतः जुवाला खांदा लावतात. बैल सावलीत रवंथ करत त्यांच्याकडे बघत बसतो.