सेलचं पाकीट

वस्तू बोलत होत्या आणि माणसांना ऐकू येत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट.

गोदाक्कांचं ऐकू येण्यासाठीचं कानातलं मशीन सकाळीच बंद पडलं. सेलचं नवं पाकीट त्यांनी वाकड्या झालेल्या बोटांनी ओढलं, दातांनी चावलं, शेवटी कात्री लावली. कात्री घसरून अंगठ्यालाच लागली.

"काय मेलं घट्ट आहे हे!" म्हणत त्या रडकुंडीला आल्या.

"अरे, उघड ना," मशीन कळवळून पाकिटाला म्हणालं. "आज रविवार. छोट्या नातीचा फोन येईल."

"जमणार नाही. लहान मुलांनी सेल गिळू नये म्हणून मला असं बनवलंय. कमजोर बोटांना मी उघडत नाही."

"या घरात मूल आहे कुठे? म्हातारी एकटी राहते!"

"मला वय कळत नाही. बोटं कळतात."

गोदाक्कांनी पाकीट मांडीवर टाकलं आणि पदराने अंगठा दाबून भिंतीकडे बघत बसल्या.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. बराच वेळ वाजला, थांबला, पुन्हा वाजला. गोदाक्का हलल्या नाहीत. मग तो वाजायचाच बंद झाला.

"झालं समाधान?" मशीन म्हणालं. "अडवलंस लहान पोरीला."