निळ्या फेट्याचा गुन्हेगार

फूऽऽ! कॅसेटच्या तोंडात मारलेली फुंकर. बोरगडच्या महाराजांनी ती लहानपणी ऐकली होती, माळ्याच्या गणोबाबरोबर व्हिडिओ गेम खेळताना. गणोबा त्यांना पडद्यावर रोज बदडून काढायचा आणि महाराज हसून हसून लोळायचे.

आता फुंकर मारायला खास हुजऱ्या होता, आणि महाराजांचं हरणं कायमचं बंद झालं होतं.

ही करामत दरबारातल्या त्र्यंबकपंतांची. त्यांनी तोच जुना मारामारीचा खेळ नव्या कॅसेटवर उतरवून त्यात एक नवा गडी घातला: खुद्द महाराज! पोट आत, छाती बाहेर, टकलावर लाल फेटा. कितीही लाथा बसोत, या गड्याच्या शक्तीची पट्टी तसूभरही उतरत नसे. मग दवंडी पिटली: बोलावणं येईल त्याने महाराजांशी लढायचं. हरला तर त्याचं व्हिडिओ गेमचं मशीन महालात जमा. जिंकला तर राजाला हरवलं म्हणून तुरुंग!

बघता बघता राज्यातली सगळी मशिनं महालात आली. महाराजांना जिंकून जिंकून जांभया येऊ लागल्या, पण हट्ट काही सुटेना.

शेवटचं मशीन कुंभारआळीतल्या बकुळेचं. ती ते पदराखाली धरून दरबारात आली.

"महाराज, आळीतली सगळी पोरं यावरच खेळतात. हे गेलं तर संध्याकाळी ती माझं डोकं खातील."

"मग जिंक!"

"जिंकले तर तुरुंग."

"मग हर!"

"वा! दोन दारं दाखवलीत आणि दोन्हींपुढे खड्डा!" बकुळा पंतांकडे वळली. "आणि बरोबरी झाली तर हो?"

पंत फिस्सकन हसले. "ते जुन्या खेळातलंच ठेवलंय. वेळ संपली आणि पट्ट्या सारख्या राहिल्या, तर दोघंही हरले. पण महाराजांची बरोबरी करणार कोण? तू?"

"मी कसली करतेय!" म्हणत बकुळेने रिमोट घेतला.

महाराजांनी नेहमीप्रमाणे स्वतःला निवडलं. बकुळेचा चौकोन पहिलवानावरून सरकला, बैराग्यावरून सरकला आणि थेट महाराजांच्या चित्रावर जाऊन थांबला!

"अगं अगं!" दरबारी ओरडले. त्या चित्राला आजवर सगळे नमस्कार करून पुढे जात. ते निवडायची छाती कुणालाच झाली नव्हती.

दोघांनी एकच गडी घेतला, की जुना खेळ दुसऱ्याचे कपडे तेवढे बदलतो. लाल फेट्याच्या महाराजांपुढे निळ्या फेट्याचे महाराज उभे राहिले. तीच छाती, त्याच मिशा!

महाराज तुटून पडले. लाथ, बुक्का, लाथ! समोरची पट्टी हलेना. बकुळेने रिमोट खाली ठेवला आणि ओच्यातल्या शेंगा फोडायला घेतल्या.

"अगं, लढ की!"

"महाराज लढतायत ना महाराजांशी! मध्ये पडणारी मी कोण?"

वेळ संपली. टणटण घंटा झाली. दोन्ही फेटेवाल्यांनी गुडघे टेकले आणि माना खाली घातल्या.

"महाराज हरले!" पंत किंचाळले. "राजद्रोह! धरा हिला!"

"मला का? हरवलं त्या निळ्या फेटेवाल्यानं. त्याला धरा! फक्त बेडी घालताना मिशा नीट बघा, ओळखीच्या निघतील."

"पण तूही हरलीस! दे ते मशीन!"

"पडद्यावर दोन महाराज होते, पंत. दोघंही हरले. त्यातली मी कोणती?"

महाराजांनी एकदा पडद्यावरच्या छातीकडे पाहिलं, एकदा आपल्या पोटाकडे. आधी पोट हललं, मग मिशा हलल्या, आणि गणोबाच्या वेळचं ते हसू सगळ्या महालात घुमलं.

"ज्याचं त्याचं मशीन आजच परत करा!" डोळे पुसत ते म्हणाले. "आणि हा मोठा पडदा कुंभारआळीला! पंत, आमची जुनी कॅसेट आणा. जिच्यात आम्ही नाही, ती."

कॅसेट आली. हुजऱ्या पुढे झाला, तर महाराजांनी त्याला बाजूला सारलं आणि स्वतःच फुंकर मारली. फूऽऽ!

"चल बकुळे, बदड आता! पंत, नंतर तुमची पाळी. आणि खरं खेळायचं हं!"

पंतांनी पगडी सावरली आणि ते चालते झाले.